पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचे बाहेरचे पार्ट सांभाळा



दर आठवड्याला बियाणं, खत, फवारणी यावर मेसेज येतो. आजचा विषय वेगळा आहे, पण पेरणीशीच जोडलेला आहे. मेसेज लांब आहे. सवडीनं वाचा आणि घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्यालाही वाचायला द्या.

आधी आमच्या घरचीच गोष्ट सांगते. मागच्या जूनमध्ये पाऊस चांगला झाला, तिसऱ्या दिवशी वाफसा आला. अर्धं रान पेरून झालं आणि अंधार पडला. रस्त्यात चिखल होता म्हणून आप्पांनी ट्रॅक्टर पेरणी यंत्रासकट बांधावरच उभा केला. सकाळी जाऊन बघतात तर बॅटरी नाही, टॉप लिंक नाही. तालुक्याहून बॅटरी आणेपर्यंत संध्याकाळ झाली, टॉप लिंक दुसऱ्या दिवशी मिळाली. त्याच रात्री पाऊस लागला. राहिलेल्या रानात नऊ दिवस पाय ठेवता आला नाही. उशिरा पेरलेलं सोयाबीन शेंगा भरायच्या वेळी पावसाच्या उघडिपीत सापडलं आणि उतारा कमी आला. आप्पा अजून म्हणतात, "चोराला भंगाराचे हजार-दीड हजार मिळाले असतील, आपला हंगाम गेला."

म्हणून हा मेसेज पेरणीच्या आधी.

*१) काय जातं आणि का जातं?*
बॅटरी, टॉप लिंक, पीटीओ शाफ्ट, हिचच्या पिना, टाकीतलं डिझेल, टूल बॉक्स, लाइट, पुढची वजनं, ट्रॉलीची स्टेपनी. या सगळ्या वस्तू एक-दोन पान्यांनी किंवा नुसत्या हातानं निघतात. त्यांच्यावर मालकाचं नाव नसतं. बॅटरीत शिसं असतं, बाकी लोखंड, त्यामुळे भंगारात लगेच पैसे होतात. म्हणजे आपल्याला दोनच कामं करायची आहेत: काढायला वेळ लागला पाहिजे आणि वस्तू कुणाची हे दिसलं पाहिजे.

*२) उभा कुठं आणि कसा करायचा?*
शक्यतो घरासमोर, उजेडात. ज्या बाजूला बॅटरी आहे ती बाजू भिंतीला चिकटवून लावा. अवजार खाली जमिनीवर टेकवा. ट्रॉली सोडली असेल तर तिचा दांडा भिंतीकडे करा.
रानात ठेवणं भागच असेल तर टॉप लिंक, पिना, पीटीओ शाफ्ट आणि चावी घरी आणा. बॅटरीही काढून आणली तर उत्तम. काढताना *आधी मायनस, मग प्लस*. बसवताना *आधी प्लस, मग मायनस*. ट्रॅक्टरची बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते.

*३) बॅटरीला पिंजरा*
गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा पिंजरा करून घ्या, वर बिजागरीचं झाकण आणि कुलूप. पण हे लक्षात ठेवा:
– ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी काढून लांब ठेवा. तिच्यातून हायड्रोजन गॅस निघतो, ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. अल्टरनेटरच्या वायरीही सोडायला सांगा.
– झाकण आणि बॅटरीच्या टोकांमध्ये जागा ठेवा, आतून रबराचा तुकडा लावा. लोखंड टेकलं तर शॉर्ट होईल.
– झाकण पूर्ण उघडलं पाहिजे, डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. गॅस जायची भोकं बंद करू नका.

*४) डिझेल टाकी*
कुलपाचं झाकण आपल्या मॉडेलचंच घ्या. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. बरेच जण चोरी किंवा पाणी नको म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी बांधतात. त्यानं हवा कोंडते, डिझेल पुढं येत नाही आणि इंजिन मधेच बंद पडतं. मग मिस्त्रीला बोलावता आणि कारण सापडत नाही. पिशवी बांधू नका.

*५) नट-पिना*
हिचच्या पिना साखळीनं बांधून टाका. स्टेपनीला साखळी आणि कुलूप घाला. पुढच्या वजनांच्या बोल्टला डबल नट लावा. काही जण नटावर वेल्डिंगचा टाका मारतात. जे कधी काढायचंच नाही तिथं ठीक आहे, पण *चाकाच्या नटांना टाका कधीच मारू नका*. रस्त्यात पंक्चर झालं तर तुम्हीच अडकाल.

*६) नंबर कोरा*
प्रत्येक वस्तूवर ट्रॅक्टरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे पंचनं ठोका, एक दिसेल अशा जागी आणि एक लपलेल्या जागी. वर भडक रंगाचा पट्टा मारा. रंगवलेली, नंबर असलेली वस्तू विकताना चोराला दहादा विचार करावा लागतो.
पीटीओ शाफ्टच्या नळीवर ठोकू नका. नळी दबली तर आत-बाहेर सरकणार नाही, अडकेल. टोकाच्या जाड भागावर हलक्या हातानं ठोका. बॅटरीच्या डब्यावर पंच अजिबात नको, तडा जाऊन ॲसिड गळेल. तिथं ऑइल पेंटनं लिहा.
पंच सेट आपल्या खरेदी केंद्रावर ठेवला आहे. सभासदांनी एक दिवसासाठी न्यावा आणि आठवणीनं परत आणावा.

*७) फोटो आणि बिलं*
बॅटरीचा सीरियल नंबर, चेसिस नंबर, कोरलेले आकडे आणि सगळ्या बिलांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. बिलाचं महत्त्व का, ते पुढं कळेल.

*८) तरीही चोरी झालीच तर*
– आधी हात लावू नका. फोटो काढा. ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना कळवा, मग पोलीस स्टेशनला जा.
– १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीचं कलम ३०३. मालाची किंमत *पाच हजारांच्या आत* असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे एनसी नोंदवतात आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून बॅटरी, टॉप लिंक, डिझेल, जे जे गेलं ते सगळं खऱ्या किमतीसह लिहून द्या, बिलं जोडा. वाढवून सांगू नका, पण विसरूही नका.
– एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.
– नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. फुल विमा असला तरी सुटे पार्ट त्यात धरलेत का, हे एजंटला *आजच* विचारा.
– संशयावरून कुणाला धरून मारहाण करू नका. गुन्हा उलटा आपल्यावर येतो.

*९) आणि एक आपल्यासाठीच*
बिल नसलेली स्वस्त जुनी बॅटरी किंवा शाफ्ट घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय यायला जागा असून घेतला, तर कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय आज आपण घेतो म्हणून उद्या आपल्याच बांधावरून जाते.

*आज संध्याकाळचं काम:* फक्त तीन गोष्टी करा. बॅटरीच्या नंबरचा फोटो, पिनांना साखळी, ट्रॅक्टरची बॅटरीची बाजू भिंतीकडे. खर्च साखळीचाच. पिंजरा आणि पंच या आठवड्यात उरका.

झालं की या मेसेजला "केलं" एवढंच उत्तर पाठवा. काही अडलं तर फोन करा, सकाळी ९ ते संध्याकाळी ६.

पुढच्या मेसेजमध्ये सोयाबीनची घरच्या घरी उगवणशक्ती तपासणी. शंभर दाणे आणि एक गोणपाट तयार ठेवा.

तुमची,
कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी