डेकचे खांब एका पातळीत: पहिलं घर घेतलेल्यांसाठी

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिलं घर घेतलं की दोन-तीन उन्हाळ्यांत डेकचा विषय निघतोच. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकल्यावर बरेच जण स्वतःच बांधायचं ठरवतात, आणि ते जमतंही. न्यू जर्सी, शिकागोची उपनगरं, मिनेसोटा आणि टोरांटो इथल्या ज्या मराठी कुटुंबांनी आपले डेक स्वतः उभे केले, त्यांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत. बाकी गोष्टींवर त्यांची मतं वेगळी आहेत, पण एका बाबतीत सगळे ठाम आहेत: खांबाची उंची जमिनीपासून मोजायची नाही, घरापासून मोजायची.

याचं कारण तुमच्या अंगणातच आहे. पावसाचं पाणी पायाशी साचू नये म्हणून घराभोवतीची जमीन मुद्दाम उतरती ठेवतात. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा असा तिथला नियम आहे. शिवाय डावी-उजवी बाजूही क्वचितच सारखी असते. सगळे खांब सारख्या लांबीचे कापून उभे केले तर जमिनीचा उतार जसाच्या तसा डेकवर येतो. खालचं काँक्रीटचं फुटिंग एकमेकांपेक्षा चार-सहा इंच वर-खाली असलं तरी काही बिघडत नाही. माथे मात्र एका रेषेत हवेत, नाहीतर तुळई उंच खांबांवर टेकते आणि ठेंगण्या खांबावर अधांतरी राहते. बारा बाय सोळाचा डेक म्हणजे १९२ चौरस फूट. दर चौरस फुटाला ४० पौंड धरले तर साडेसात हजार पौंडांहून जास्त भार होतो. गणपतीच्या आरतीला सगळे डेकवर जमतात तेव्हा हा भार प्रत्येक खांबाने आपापल्या वाट्याचा घेतला पाहिजे.

खणण्याआधीची कामं थोडक्यात. डेक घराला जोडलेला असला की आकार लहान असला तरी परमिट बहुतेक ठिकाणी लागतंच. सोसायटीची एचओए असेल तर तिची परवानगी वेगळी. अमेरिकेत ८११ वर फोन केला की गॅस, वीज आणि केबलच्या लाइनी विनामूल्य आखून देतात. ऑन्टारिओत हे काम ऑन्टारिओ वन कॉल करतं. फुटिंग हिवाळ्यात जमीन गोठते त्या खोलीच्या खाली गेलं पाहिजे: शिकागोत ४२ इंच, मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ आणि उत्तरेत ६० इंच. बारा इंच व्यासाच्या, चार फूट खोल नळकांड्याला ८० पौंडांच्या काँक्रीटच्या सहा पिशव्या लागतात. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर खड्डे बघून जातो, तोवर थांबा. चौकट काटकोनात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून पाहा; बारा बाय सोळाला दोन्ही बरोबर वीस फूट आले पाहिजेत.

आता पातळी. घराच्या भिंतीला जी फळी बोल्टने बसवतात, त्या लेजरचा माथा हा आपला आधार. तिथून खाली हिशेब करत यायचं. वरच्या आडव्या जॉइस्ट दोन बाय आठच्या असतील तर त्यांची खरी खोली सव्वासात इंच. खालची तुळई दोन बाय दहाची असेल तर सव्वानऊ. म्हणजे खांबाचा माथा लेजरच्या माथ्याखाली साडेसोळा इंचांवर. पण हा हिशेब दुकानाच्या पाटीवरून करू नका. प्रेशर ट्रीटेड लाकूड ओलं असतं आणि दोन सूत फुगलेलं मिळतं. आणलेल्या फळ्यांवर टेप धरा आणि तोच आकडा वापरा.

भिंतीवर साडेसोळा इंचांवर खूण करा आणि तीच खूण प्रत्येक खांबावर न्या. चार फुटी पाणसळ सरळ फळीवर ठेवून हे करता येतं, पण पाणसळ आधी तपासा: बुडबुडा बघा, मग पाणसळ उलटी फिरवून पुन्हा बघा, दोन्ही वेळा सारखाच दिसला पाहिजे. चार फुटांत एका सुताची चूक सोळा फुटांवर अर्धा इंच होते. लेझर चांगला, भाड्यानेही मिळतो, पण उन्हात त्याची रेघ दिसत नाही; संध्याकाळ धरावी किंवा रिसिव्हर घ्यावा.

सगळ्यांत विश्वासाची मात्र आपल्याकडच्या गवंड्याची पाण्याची नळी. पाव ते अर्धा इंच जाडीची पारदर्शक नळी तीस फूट घ्या. बादलीतून पाणी ओढून भरा, खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, म्हणजे पातळी लांबून दिसेल. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका; मध्ये हवा अडकली की दोन टोकं खोटं बोलतात. नळी सावलीत असू द्या, कारण एक बाजू उन्हाने तापली की पाणी हलकं होऊन तिथली पातळी वर चढते. एकाने भिंतीच्या खुणेशी टोक धरावं, दुसऱ्याने खांबाशी. दोन्ही टोकं उघडी हवीत. चालताना अंगठ्याने बंद करा, पोचल्यावर सोडा, आणि पाणी डुलायचं थांबेपर्यंत वाट पाहा. काठाला पाणी किंचित वर चढतं, म्हणून मधल्या खोलगट भागाचा तळ वाचा. थोडं पाणी सांडलं तर दोन्हीकडची पातळी उतरते, म्हणून दर खुणेआधी भिंतीकडच्याने आपलं टोक वर-खाली करून पाणी पुन्हा खुणेवर आणावं आणि मोठ्याने ‘आलं’ म्हणावं. मग दुसऱ्याने पेन्सिल टेकवायची. मधल्या खांबांच्या खुणाही दोरी ताणून न करता नळीनेच करा.

खूण करण्याआधी खांब ओळंब्यात हवा. लगतच्या दोन बाजूंनी पाणसळ लावा आणि दोन तिरप्या फळ्यांनी खांब पक्का करा. खांब कललेला असताना केलेली खूण तो सरळ केला की सरकते.

कापताना गुण्याने रेघ चारही बाजूंना फिरवा. सव्वासात इंची चक्राची करवत अडीच इंचांच्या आसपासच कापते. चार बाय चारचा खांब खरा साडेतीन इंचांचा असतो, तो दोन बाजूंनी कापला की होतो. सहा बाय सहाला चारही बाजूंनी चक्र फिरवून उरलेला गाभा हातकरवतीने कापावा लागतो. शक्य असेल तर सहा बाय सहाच घ्या. उंच डेकला त्याचा आधार वेगळाच जाणवतो. रेघ राखून बाहेरच्या बाजूने कापा. कापलेल्या टोकाला कॉपर नॅप्थेनेट लावा, कारण फॅक्टरीतलं औषध तिथल्या आतल्या लाकडापर्यंत पोचलेलं नसतं, आणि खांबाचं न कापलेलं टोक खाली येऊ द्या.

एखादा खांब दोन सूत कमी पडला तर खाली लाकडाच्या चिपा सारू नका. त्या दबतात, कुजतात. नवा खांब आणा. म्हणूनच खांब घेताना फूटभर लांब घ्यावेत आणि जागेवरच कापावेत.

भिंतीवरची खूण पुसू नका. पहिल्या हिवाळ्यानंतर, एप्रिलमध्ये जमीन सुटली की, त्याच नळीने सगळे माथे पुन्हा तपासा. एखादा खांब वर उचलला गेला असेल आणि जूनपर्यंत परत खाली बसला, तर बर्फाने ते फुटिंग ढकललं आहे. अशा वेळी वरचं लाकूड तासून उपयोग नाही. तेवढा एक खड्डा खोल करून नव्याने घालावा लागतो, आणि ते काम पुढच्या थंडीआधी उरकायला हवं.