तळ्यातला शिंगाडा: ओळखा, विचारा, मग खा

दिवाळीच्या आगेमागे नवेगावबांध, नागझिरा किंवा बोदलकसा-चोरखमाऱ्याकडे भटकायला जाणार असाल, तर जंगलाइतकाच वेळ तलावांसाठी राखून ठेवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत. गावकरी त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. त्याहून लहान ती बोडी. यांतल्या बऱ्याच तलावांच्या उथळ भागात या दिवसांत हिरव्या चकत्यांची दाट चादर पसरलेली दिसते. ती शिंगाड्याची असेल किंवा नसेलही. तलावावर तरंगणारं सगळंच खाण्याजोगं नसतं, आणि शिंगाड्याच्या शेजारी उगवणाऱ्या काही वनस्पती लांबून अगदी त्याच्यासारख्याच दिसतात.

फळ पाण्याखाली लपलेलं असतं, म्हणून ओळख पानावरून सुरू करायची. शिंगाड्याचं पान पतंगासारखं चौकोनी-तिरपं असतं. त्याच्या कडा नीट बघा, कारण खरी खूण तिथे आहे. देठाकडचा अर्धा भाग गुळगुळीत आणि पुढच्या अर्ध्या भागाला करवतीसारखे दात. पान उलटलं तर खालची बाजू बहुधा तांबूस-जांभळट आणि लवदार निघते. अशी पुष्कळ पानं एका मध्यबिंदूभोवती चक्राकार मांडलेली असतात. बाहेरच्या जुन्या पानांचे देठ लांब, आतल्या कोवळ्यांचे आखूड, त्यामुळे एका पानाची सावली दुसऱ्यावर फारशी पडत नाही. या देठांच्या मधल्या भागात एक फुगवटा असतो. दाबून बघा: आत स्पंजासारखी हवा भरलेली असते आणि तिच्या जोरावर सगळं चक्र तरंगतं. खाली दोरीसारखं लांब खोड गाळापर्यंत गेलेलं असतं आणि त्याला पिसांसारखे बारीक फाटे फुटलेले असतात.

फुगवटा दिसला की शिंगाडा, असं मात्र समजू नका. जलपर्णीच्या देठालाही फुगवटा असतो. पण तिची पानं गोलसर, चकचकीत आणि पाण्याच्या वर उभी राहणारी असतात. त्यांच्या कडेला दात नसतात आणि फुलोरा जांभळा येतो. शिंगाड्याचं फूल एकटं, पांढरं, चार पाकळ्यांचं आणि लहान असतं. कमळ आणि कुमुद यांची पानं मोठी, गोल आणि प्रत्येक पान आपापल्या लांब देठावर सुटं असतं. काठावर फिकट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांची जी झुडपं माजलेली असतात ती बेशरम. ती विषारी आहे आणि गुरंढोरंही सहसा तिला तोंड लावत नाहीत. पानाचा आकार, कडेचे दात, फुगीर देठ आणि चक्राकार मांडणी, या चारही गोष्टी एकत्र जुळल्या तरच शिंगाडा म्हणा. तीन जुळल्या आणि एक नाही, तर फोटो काढा आणि पुढे चला.

फूल पाण्याच्या वर उमलतं. फलधारणा झाली की देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली वाढतं. म्हणून फळ बघायला चक्र हळूच उचलून खालची बाजू पाहावी लागते. कोवळं फळ हिरवं, लालसर किंवा दोन्हींची छटा असलेलं असतं. दोन्ही बाजूंना दोन शिंगं फुटलेली असतात, समोरून पाहिलं तर छोट्या रेड्याचं तोंडच. युरोपातल्या शिंगाड्याला चार शिंगं असतात, आपल्याकडे बहुतेक दोनच. लागवडीच्या काही जातींना तर काटे नसतातच, तेव्हा काटा नाही म्हणून शंका घेऊ नका. फळ पूर्ण पिकलं की सुटून तळाशी जातं आणि गाळात काळं पडतं. तरंगणारं काळं, हलकं फळ बहुधा जुनं आणि पोकळ असतं. ते उचलण्यात काही हशील नाही. चिनी जेवणात कापांच्या रूपात मिळणारं ‘वॉटर चेस्टनट’ मात्र वेगळंच. तो एका लव्हाळ्याच्या जातीचा कंद असतो. आपला शिंगाडा ताम्हण, मेंदी आणि डाळिंब यांच्या कुळातला.

ओळख पटली म्हणून पाण्यात उतरायचं नाही. यावर माझं मत ठाम आहे. पहिलं कारण, हे तलाव बिनमालकाचे नाहीत. मासेमारी आणि शिंगाडा ढीवर समाजाच्या संस्था किंवा गावातली माणसं हक्काने घेतात. पावसाळ्याच्या तोंडाला रोपं लावून, पुढे राखण करून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणी होते. म्हणजे ते शेत आहे, फक्त पाण्यावर आहे. परक्याच्या वावरातली कणसं तुम्ही विचारल्याशिवाय मोडाल का? दुसरं कारण, शिंगाड्याची खोडं पायांना गुंडाळतात आणि गाळात पडलेली जुनी फळं तळव्यात शिंगं रुतवतात. अनुभवी माणसंही जपून, डोंग्यात बसून तोडतात. पट्टीचे पोहणारे असलात तरी हे पाणी पोहण्याचं नाही. शिवाय पानांच्या चादरीवर लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी तुमच्या उतरण्याने उडून जातील. दुर्बीण असेल तर शिंगाडा विसरून आधी तेच बघत बसा.

विकत घेणं हा सरळ मार्ग आहे. हंगामात नागपूर-भंडाऱ्याच्या रस्त्यांवर आणि आठवडी बाजारात कच्चे आणि उकडलेले, दोन्ही मिळतात. टोपली घेऊन बसलेल्या मावशींना ‘आज तोडलेले का? कुठल्या तलावाचे?’ असं विचारा. उत्तरात तलावाचं नाव आलं तर ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच घेता येतील. कच्चा घेताना टणक, जड आणि डाग नसलेला निवडा. गावाबाहेरचं सांडपाणी ज्या तळ्यात येतं, तिथला शिंगाडा मला फुकट मिळाला तरी नको, कारण ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते.

कच्च्या शिंगाड्याची साल दातांनी सोलणं ही आपली जुनी सवय, आणि तिच्यातच धोका आहे. फॅसिओलॉप्सिस बस्की नावाच्या आतड्यातल्या कृमीच्या अळ्या गोगलगायींतून पाण्यात येऊन पाणवनस्पतींवर आणि फळांच्या सालीवर चिकटतात. दाताने सोलताना त्या थेट तोंडात जातात. आशियात, भारतातही, या कृमीची लागण आढळली आहे. कच्चा गोडसर, करकरीत गर खायचाच असेल तर फळ चांगल्या पाण्याने खळखळून धुवा, चाकूने साल काढा, चाकू आणि हात धुवा, सोललेला गर पुन्हा धुवा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे उकडून खाणं. सालीसकट पंधरा-वीस मिनिटं चांगली उकळी येऊ द्या, मीठ घाला. आतला गर मऊ झाला की उतरवा. उपासाच्या पिठासाठी वाळवलेल्या शिंगाड्याची चव यापेक्षा वेगळीच असते, म्हणून एकदा तरी ताजा उकडलेला खाऊन बघाच.

घरी न्यायचे असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दिवसभराच्या उकाड्यात बुरशी धरते. ओल्या सुती कापडात गुंडाळून वरच्या बाजूला ठेवा, आणि बॅगेत टोचतील अशा शिंगांचा विचार करून तुमचा कॅमेरा वेगळ्या कप्प्यात टाका.