कललेला बुरूज : केअरफिली किल्ल्याचा अभ्यास

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'मोट' हा शब्द मला आधी माहीत झाला आणि 'खंदक' नंतर! कॅसल म्हटलं की उंच मनोरा, त्यात कोंडलेली राजकन्या आणि खाली घोड्यावरचा राजपुत्र, एवढंच डोळ्यासमोर यायचं. तो किल्ला कुणी बांधला, कशासाठी बांधला, पाया कसा घातला, हे प्रश्न कधी पडलेच नाहीत.

पडले ते गेल्या वर्षी, सॉइल मेकॅनिक्सच्या तासाला. सरांनी विचारलं, "कलत्या मनोऱ्याचं उदाहरण सांगा." सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पिसा!" सर म्हणाले, "पिसा सोडून?" वर्गात एकदम शांतता. मग सरांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. दगडी बुरूज, मधोमध फाटलेला, आणि असा काही झुकलेला की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा सरळ होऊन बसली. तो होता वेल्समधल्या केअरफिली किल्ल्याचा आग्नेय बुरूज. पिसाचा मनोरा दुरुस्तीनंतर आता साधारण ४ अंशांनी कललेला आहे, हा सुमारे १० अंशांनी! त्या दिवसापासून मी या किल्ल्याच्या मागे लागले. हा लेख म्हणजे त्या उद्योगाचं सबमिशन समजा.

मराठी शब्दांसाठी मी रूममेटला सतत त्रास दिला. ती सातारकडची, शाळेत असल्यापासून गड चढणारी. मी 'कॉन्स्टेबल ऑफ द कॅसल' लिहिलं तर म्हणाली, "अगं, किल्लेदार म्हण की सरळ!" तेव्हा शब्द चांगले असतील तर श्रेय तिचं, चुका माझ्या.

कुठे आणि कुणी?

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश. इंग्लंडपेक्षा वेगळा, स्वतःची भाषा असलेला. त्याच्या दक्षिणेला, कार्डिफ शहराच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर केअरफिली हे गाव आहे. किल्ल्याने पाण्यासकट सुमारे ३० एकर जागा व्यापली आहे. वेल्समधला हा सर्वांत मोठा किल्ला.

काळ तेराव्या शतकाचा. वेल्सचा राजपुत्र होता लुवेलिन आप ग्रुफिथ. वेल्श भाषेत 'आप' म्हणजे 'चा मुलगा'. म्हणजे आपल्यासारखंच, स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव! १२६७ च्या माँटगोमेरी तहात इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली. पण दक्षिणेत ग्लॅमॉर्गनचा मालक होता गिल्बर्ट द क्लेअर, इंग्लंडच्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. केस लाल म्हणून त्याला 'रेड गिल्बर्ट' म्हणत. लुवेलिन दक्षिणेकडे सरकत होता आणि गिल्बर्टला आपली जमीन जाईल ही भीती होती.

या दोघांच्या मध्ये सापडला सेंगेनिथ हा छोटा वेल्श मुलूख. तिथला स्थानिक प्रमुख ग्रुफिथ आप ऱ्हिस याला गिल्बर्टने १२६७ मध्ये पकडून कैदेत टाकलं आणि मुलूख खाली केला. पुढच्याच वर्षी, ११ एप्रिल १२६८ ला, तिथे केअरफिलीचं बांधकाम सुरू झालं. ग्रुफिथचं नाव लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटाकडे ते परत येणार आहे.

लुवेलिन गप्प बसणारा नव्हता. १३ ऑक्टोबर १२७० ला त्याने हल्ला करून अर्धवट बांधकाम जाळलं. १ जून १२७१ ला गिल्बर्टने काम पुन्हा सुरू केलं. लुवेलिनने पुन्हा वेढा दिला. शेवटी राजाने मध्ये पडून दोन बिशप पाठवले आणि वादाचा निकाल लागेपर्यंत किल्ला त्यांच्या ताब्यात दिला. पण १२७२ च्या सुरुवातीला गिल्बर्टच्या माणसांनी युक्तीने आत शिरून तो परत बळकावला. तह, मध्यस्थ, वचन सगळं बाजूला राहिलं आणि बांधकाम पुढे चालू!

पाणी हाच पहिला तट

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. आपल्याकडे गड म्हटला की डोंगर आलाच, कडाच निम्मा तट असतो. केअरफिलीला कडा नाही. नदीच्या खोऱ्यातल्या रेती-गोट्यांच्या नैसर्गिक उंचवट्यावर तो उभा आहे. मग संरक्षण कसं करायचं? उत्तर होतं पाणी. तिथून वाहणारा ओढा अडवून किल्ल्याभोवती तलाव केले.

ही कल्पना आली कुठून? १२६६ मध्ये इंग्लंडमधल्या केनिलवर्थ किल्ल्याला राजाच्या सैन्याने सहा महिने वेढा घातला होता. त्या किल्ल्याभोवती मोठा तलाव होता आणि तो हल्ला करून घेता आला नाही, उपासमारीनेच पडला. गिल्बर्ट त्या वेढ्यात होता. दोनच वर्षांनी त्याने स्वतःचा पाण्यातला किल्ला सुरू केला, तेव्हा तिथला धडा त्याच्या डोक्यात असणार, असं इतिहासकार मानतात.

पाण्याचे फायदे तीन. पहिला, त्या काळी तट पाडायची खात्रीची पद्धत म्हणजे खालून भुयार खणायचं, लाकडी टेकू लावायचे आणि ते जाळायचे. टेकू जळाले की वरचा तट खाली! तलावाखालून भुयार खणणार कोण? दुसरा, दगड फेकणारी यंत्रं लांब ठेवावी लागतात, म्हणजे मारा कमजोर होतो. तिसरा, शिड्या आणि चाकांचे लाकडी मनोरे तटाला भिडवताच येत नाहीत.

पण यातला कच्चा दुवा तुम्ही ओळखला असेलच. धरण फुटलं तर? तलाव रिकामा आणि किल्ला उघडा. म्हणून इथे धरणालाच किल्ला बनवलं आहे. पूर्वेकडे उत्तर आणि दक्षिण असे दोन बांध, आणि मधे मुख्य दरवाजा. दक्षिणेचा बांध सुमारे १५० मीटर लांब, बाहेरच्या अंगाला भक्कम दगडी टेकू, म्हणजेच आपले बट्रेस. तलावाचं पाणी आतून ढकलतंय आणि बट्रेस बाहेरून थोपवतायत. रिटेनिंग वॉलची आकृती आपण परीक्षेत काढतो, ती इथे साडेसातशे वर्षं उभी आहे. याच बांधावर पाणचक्की होती, तिच्यावर धान्य दळलं जायचं. म्हणजे अडवलेलं पाणी शत्रूला थांबवत होतं आणि पीठही देत होतं.

तटाच्या आत तट

वहीवर काढून पाहा. मध्ये एक चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज. हा बालेकिल्ला. पूर्व आणि पश्चिम बाजूंना एकेक दुहेरी बुरुजांचा भक्कम दरवाजा. या चौकोनाभोवती थोडं अंतर सोडून दुसरा, बुटका तट. त्याच्याबाहेर पाणी. पश्चिमेला आणखी एक तटबंद बेट, पूर्वेला धरणांची फळी. तटाच्या आत तट अशा या रचनेला 'काँसेंट्रिक' म्हणतात.

बाहेरचा तट मुद्दाम बुटका आणि आतला उंच. का? कारण दोन्ही तटांवरचे तिरंदाज एकाच वेळी मारा करू शकतात, आतल्यांचे बाण बाहेरच्यांच्या डोक्यावरून जातात. आणि शत्रूने बाहेरचा तट घेतलाच, तर तो दोन तटांमधल्या अरुंद पट्ट्यात उघडा सापडतो.

बुरूज गोल असण्यालाही कारण आहे. चौकोनी बुरुजाचा कोपरा ठोकून किंवा खालून पोखरून लवकर ढासळतो, गोलाला असा कमजोर कोपराच नसतो. पूर्वेचा आतला दरवाजा तर स्वतंत्र गढीच आहे. वरून सोडायचे लोखंडी जाळीचे दरवाजे बाहेरच्या बाजूला आहेत तसेच आतल्या अंगणाच्या बाजूलाही. म्हणजे सगळा किल्ला पडला तरी किल्लेदार दरवाजात स्वतःला कोंडून लढू शकतो. रूममेट म्हणाली, "म्हणजे आपल्याच माणसांवरही भरवसा नाही!" खरंच आहे.

ब्रिटनमध्ये ही पद्धत इतक्या मोठ्या प्रमाणावर पूर्णपणे इथेच प्रथम आली. पुढे राजा पहिला एडवर्ड याने उत्तर वेल्समध्ये हार्लेक (१२८३ पासून) आणि बोमॅरिस (१२९५ पासून) असे प्रसिद्ध काँसेंट्रिक किल्ले बांधले. ते जागतिक वारसा यादीत आहेत, केअरफिली त्या यादीत नाही. पण तो त्यांच्या आधीचा आहे.

किल्ला जिंकला, पण कुणासाठी?

गंमत पाहा. १२७७ च्या युद्धात एडवर्डने लुवेलिनचं बळ मोडलं आणि डिसेंबर १२८२ मध्ये लुवेलिन मारला गेला. ज्या शत्रूसाठी एवढा खटाटोप केला, तो दहा-बारा वर्षांतच संपला. किल्ला मात्र उरला, आणि आता तो स्थानिक लोकांच्या डोक्यावर उभा होता. १२९४-९५ च्या उठावात गावाचा बराच भाग जळाला, किल्ला पडला नाही.

गिल्बर्टचा मुलगा १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत मेला. जहागीर राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. त्यातच १३१५ पासून उत्तर युरोपभर मोठा दुष्काळ पडला. पीक नाही आणि वरून अधिकाऱ्यांचा जाच. तेव्हा सेंगेनिथचा लुवेलिन ब्रेन नावाचा वेल्श सरदार तक्रार घेऊन राजाकडे गेला. दाद मिळाली नाही, उलट धमकी मिळाली. जानेवारी १३१६ मध्ये त्याने केअरफिलीवर हल्ला केला. किल्लेदार बाहेर सापडला, त्याला पकडलं, बाहेरचा भाग जाळला. सुमारे सहा आठवडे वेढा चालला. पण आतला तट हलला नाही. गिल्बर्टचं डिझाइन 'पास' झालं होतं.

हा लुवेलिन ब्रेन कोण? कैदेत टाकलेल्या त्या ग्रुफिथ आप ऱ्हिसचा मुलगा! वडिलांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या तटावर तो डोकं आपटत होता. मदतीची फौज आल्यावर, आपल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून त्याने स्वतः शरणागती पत्करली. त्याच्या मालमत्तेच्या यादीत चिलखतांबरोबर वेल्श पुस्तकं आणि 'रोमान द ला रोझ' या फ्रेंच काव्याची प्रतही होती. राजाने त्याला लंडनला कैदेत ठेवलं. पण ग्लॅमॉर्गनचा नवा मालक ह्यू डिस्पेन्सर याने १३१८ मध्ये त्याला कार्डिफला आणून हाल करून ठार मारलं.

हे वाचलं त्या रात्री मी आकृती काढत होते. तोपर्यंत मी मनातून गिल्बर्टच्या बाजूने होते, कारण डिझाइन त्याचं होतं. त्यानंतर आकृतीतल्या बाणांकडे पाहताना वाटलं, हे बाण ज्या दिशेला जातात तिकडे कुणाचं तरी घर होतं. हा मुद्दा आपल्या सिलॅबसमध्ये नाही, म्हणून इथे लिहिते.

डिस्पेन्सरने किल्ल्यातला ग्रेट हॉल थाटात नव्याने करून घेतला. त्यावर विल्यम हर्ली हा सुतार होता, ज्याने पुढे ईली कॅथीड्रलचा लाकडी अष्टकोनी घुमट केला. पण १३२६ मध्ये राणी इझाबेलाने बंड केलं. राजा दुसरा एडवर्ड आणि डिस्पेन्सर पळत केअरफिलीला आले, खजिना ठेवून पुढे निघाले आणि पकडले गेले. डिस्पेन्सरला हियरफर्डला देहदंड झाला. किल्ला मात्र मार्च १३२७ पर्यंत लढला, आणि तोही मारून नाही, अटी ठरवून उघडला गेला.

मग बुरूज वाकला कसा?

शत्रूला न जमलेलं काम दुर्लक्षाने केलं. सोळाव्या शतकापर्यंत किल्ल्याचे अवशेष झाले, तलाव जाऊन दलदल उरली. १५८३ मध्ये तो भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाने जवळच्या आपल्या वाड्यासाठी इथलेच दगड नेले.

कलत्या बुरुजाबद्दल लोक सांगतात की सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात तो सुरुंगाने उडवायचा प्रयत्न झाला. पण त्याला पुरावा मिळालेला नाही. जमीन खचली हे कारण जास्त संभवतं. आता साधं गणित करा. tan ऐवजी मराठीत लिहिते : १० अंशांना दर १० मीटर उंचीमागे माथा सुमारे १.७६ मीटर बाहेर जातो. पिसाच्या ४ अंशांना तेच ०.७० मीटर. तरी तो उभा आहे, कारण वजनाची रेषा अजून पायाच्या आत पडते, आणि त्या काळचा चुना-दगड एकसंध राहिला आहे.

कोळसा आणि कार्डिफच्या गोद्यांवर श्रीमंत झालेल्या ब्यूट घराण्याने किल्ला वाचवला. चौथ्या मार्क्विसने १९२८ ते १९३९ मोठी दुरुस्ती केली, पण हा बुरूज सरळ केला नाही, तसाच ठेवला. १९५० मध्ये किल्ला सरकारकडे गेला आणि नंतर तलावात पुन्हा पाणी भरलं. आज 'कॅडू' ही वेल्सची वारसा संस्था तो सांभाळते.

व्हायवासाठी तीन प्रश्न

१. बाहेरचा तट बुटका का?
२. धरणावर बुरूज का बांधले?
३. किल्ला मजबूत होता. मग तो बांधण्याचा निर्णय बरोबर होता का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वर आहेत. तिसऱ्यावर आमच्या रूममध्ये रात्री दीडपर्यंत भांडण झालं, शेवटी रेक्टर मॅडमनी येऊन लाइट बंद करायला लावले. निकाल लागलेला नाही. तुमचं मत ऐकायला आवडेल, मेसमध्ये भेटा!