सेव्हिलमधला एक दिवस, पायी



सेव्हिल हे दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या राजधानीचे शहर. ते ग्वादल्किव्हिर नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे 80 किलोमीटर आत वसले आहे. तरीही सागरी जहाजे नदीतून थेट शहरापर्यंत येत असत, आणि देशाच्या आतल्या भागातले स्पेनचे एकमेव सागरी बंदर आजही इथेच आहे. या शहराचा उत्कर्ष नदीने घडवला आणि नदीतल्या गाळानेच त्याला ओहोटी लावली. मुलाबाळांसह आणि वडीलधाऱ्यांसह इथे एकच दिवस हाताशी असेल, तर स्थळांची यादी उरकण्यापेक्षा हे एक सूत्र धरून हिंडावे. जुने शहर सपाट आहे आणि मुख्य स्थळे एकमेकांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे वाहनाची गरज फारशी पडत नाही.

दिवसाची आखणी उन्हाकडे पाहून करावी. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, म्हणून कुटुंबाने शक्यतो मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने निवडावेत. वसंतात ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या काळात मात्र गर्दी फार असते आणि खोल्यांचे भाव चढतात. स्पेन भूगोलाने ग्रीनिचच्या रेखावृत्तावर असूनही 1940 पासून मध्य युरोपची वेळ पाळतो. त्यामुळे तिथे घड्याळ सूर्याच्या पुढे धावते. जूनअखेर सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर होते. अनेक लहान दुकाने दोन ते पाच बंद असतात. हे लक्षात घेऊन सकाळ आणि संध्याकाळ हिंडण्यासाठी ठेवावी आणि मधली दुपार विश्रांतीला द्यावी. लहान मुलांसाठी खाऊ सोबत असू द्यावा. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, त्यामुळे बाटली वाटेत भरून घेता येते.

सकाळी दार उघडताच अल्काझार हा राजवाडा पाहावा. तिकिटे आधीच ऑनलाइन काढावीत, नाहीतर सकाळचा थंड वेळ रांगेत जातो. 1248 मध्ये राजा तिसऱ्या फर्नांदोने सेव्हिल मुस्लिम सत्तेकडून घेतले. पुढे 1364 मध्ये राजा पेद्रो याने इथे महाल बांधायला काढला, तेव्हा इस्लामी शैलीत काम करणारे ग्रानाडा आणि तोलेदोचे कारागीर बोलावले. ख्रिस्ती राजाच्या महालात भिंतींवर अरबी अक्षरे दिसतात, ती त्यामुळे. याच आवारात 1503 मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी स्थापन झाली. अमेरिकेकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक जहाजाची नोंद व मालावरचा राजाचा हिस्सा या कचेरीच्या अखत्यारीत होता. मुलांना महालामागच्या बागेत मोकळे सोडावे. तिथले पाण्याचे हौद आणि मोर त्यांना दालनांपेक्षा जास्त आवडतात.

अल्काझारसमोर कॅथीड्रल आहे. 1248 नंतर शहराची मोठी मशीद चर्च म्हणून वापरली गेली. 1401 मध्ये तिच्या जागी नवे चर्च बांधायचे ठरले आणि मुख्य काम 1506 मध्ये पुरे झाले. जगातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक चर्चमध्ये त्याची गणना होते. मशिदीचे दोन भाग मात्र राखले गेले: संत्र्यांच्या झाडांचे अंगण आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झालेला मिनार. या मिनाराला हिराल्दा म्हणतात. वरचा घंटाघराचा भाग सोळाव्या शतकात चढवला गेला. आत जिन्याऐवजी 35 उतरणी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून त्या केल्या, असे सांगतात. पायऱ्या फक्त शेवटी थोड्या लागतात, म्हणून गुडघे फार दुखत नसतील तर आजी-आजोबांनाही सावकाश वर जाता येते. शहर नदीला कसे बिलगून आहे ते वरून एका नजरेत कळते. खाली कोलंबसाची समाधी आहे. कास्तील, लेओन, आरागॉन आणि नव्हारा या चार राज्यांचे चार पुतळे त्याची शवपेटी खांद्यावर पेलतात.

तिसरी इमारत शेजारीच आहे आणि ती बरेच लोक टाळतात. व्यापारी कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर आणि आतही सौदे करत. धर्मगुरूंच्या तक्रारीनंतर दुसऱ्या फेलिपेने त्यांच्यासाठी स्वतंत्र बाजारभवन बांधवले. 1785 मध्ये तिसऱ्या कार्लोसने तिथे अमेरिकेतील स्पॅनिश साम्राज्याचे दप्तर हलवले. आज त्या संग्रहात सुमारे 8 कोटी पाने आहेत. 1494 च्या तोर्देसिलास कराराची प्रतही तिथे आहे. या कराराने स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात जगाचे दोन हिस्से झाले आणि पूर्वेचा मार्ग पोर्तुगालच्या वाट्याला आला. 1510 मध्ये गोवा घेतला तो पोर्तुगिजांनी, हे मुलांना इथेच सांगावे. अल्काझार, कॅथीड्रल आणि हे दप्तर यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा एकत्रच मिळाला.

ऊन चढू लागले की सांता क्रूझच्या गल्ल्यांत शिरावे. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की सावली टिकून राहते. ही मध्ययुगातली ज्यू वस्ती. 1391 च्या दंगलीत इथल्या ज्यूंची कत्तल झाली आणि अनेक सभास्थानांची चर्च झाली. आज दिसणाऱ्या फुलांच्या कुंड्या आणि छोटे चौक यांतले बरेचसे रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीचे आहे. रस्त्यावरची संत्री कडू असतात. मुलांना ती तोडून खाऊ देऊ नये.

जेवणात शाकाहारी कुटुंबाने जरा सावध राहावे. भाजीच्या पदार्थावरही डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरण्याची रीत आहे, म्हणून मागणी करतानाच ते नको असे सांगावे. पालक आणि काबुली चण्यांची जिरे घातलेली भाजी हा सेव्हिलचा खास पदार्थ मराठी जिभेला लगेच रुचतो. टोमॅटोचे थंड सार गास्पाचो उन्हाळ्यात घ्यावे. टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही तिन्ही पिके मूळची अमेरिकेची. जेवणानंतर दोन तास खोलीवर आडवे व्हावे. तिथले लोक त्या वेळी बाहेर नसतात, त्याला कारण आहे.

उन्हे कलल्यावर मारिया लुईसा बागेतून प्लाझा दे एस्पान्या गाठावा. 1717 मध्ये अमेरिकी व्यापाराची कचेरी कादिझला गेली, कारण वाढत्या आकाराच्या जहाजांना नदीच्या मुखाशी साचलेली वाळू आणि गाळ पार करणे अवघड झाले होते. त्यानंतर सेव्हिल मागे पडले. 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाने त्याला पुन्हा उजाळा देण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी वास्तुकार आनिबाल गोन्सालेस याने हा अर्धवर्तुळाकार चौक उभारला. स्पेनच्या प्रांतांच्या नावांचे 48 रंगीत कोनाडे इथे आहेत. मुलांना नकाशा देऊन माद्रिद किंवा बार्सेलोनाचा कोनाडा शोधायला लावावे.

तिथून नदीकाठाने तोर्रे देल ओरो या बुरुजाकडे चालावे. हा बारा बाजूंचा बुरूज 1220 च्या सुमारास नदीवर पहारा ठेवण्यासाठी बांधला गेला. मॅगेलनची पाच जहाजे 10 ऑगस्ट 1519 रोजी सेव्हिलहून निघाली. पृथ्वीप्रदक्षिणा करून 1522 मध्ये परत आले ते एकच जहाज, आणि त्यावर 18 जण. पुढे 1852 चा लोखंडी पूल ओलांडला की त्रियाना लागते. ही खलाशी, कुंभार आणि फ्लामेंको गायकांची वस्ती. नदीकाठच्या मातीने इथल्या कुंभारांना शतकानुशतके धंदा दिला. पुलाजवळच्या मंडईखाली ज्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथे धर्मन्यायालयाचे ठाणे होते. रात्रीचे जेवण याच बाजूला करावे.

इतालिकाचे रोमन अवशेष आणि चित्रसंग्रहालय यांना स्वतंत्र दिवस हवा. एका दिवसात तेही कोंबले तर कशाचाच ठसा उरत नाही. मुले थकली की त्यांना आणखी एक चर्च दाखवायला नेऊ नये, नदीकाठी अर्धा तास बसू द्यावे.

मामा