बाटली उलटी धर

पोरी, ती बाटली आधी उलटी धर. पुढे जास्वंदीचं फूल छापलंय, तिकडे बघायचंच नाही. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत जी यादी आहे, ती वाचायची. बागेत नवीन औषध आलं की तुझे आजोबा आधी डब्यावरचा कागद वाचायचे, दुकानदार काय म्हणतो ते नंतर. पिंपळगाव बसवंतच्या आपल्या थॉमसन द्राक्षांच्या बागेची फवारणीची वही चाळीस वर्षं मी लिहिली. मी कॉलेजात गेले नाही. लेबल वाचायला त्या वहीनंच शिकवलं. आता ते तुझ्या केसांसाठी सांगते.

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. "आजी, यात क्लोराइड आहे, अल्कोहोल आहे, सल्फेट आहे, आणि मी हे वर्षभर लावतेय!" तुझे केस माझ्या सासूबाईंवर गेलेत, दाट आणि कुरळे. असे केस कोरडे पडतातच, कारण टाळूचं तेल सरळ केसांवरून घसरत टोकापर्यंत जातं, वळणावळणाच्या केसांवर मात्र अर्ध्या वाटेत अडतं. म्हणून तुला कंडिशनर लागतो. तो टाकून देऊ नकोस, आधी वाच.

तुझ्या यादीतलं सगळ्यात भयंकर नाव बेहेनट्रिमोनियम क्लोराइड. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता, आणि त्याला कारण होतं. 2010 साली आपल्या भागातली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागेत आपण त्याला सीसीसी म्हणतो. एप्रिल छाटणीनंतर शेंडा आवरावा, काडीत घड धरावा म्हणून मारायचं औषध. त्या हंगामात कितीतरी घरांचं गणित कोलमडलं. त्याचं पूर्ण नाव क्लोरोइथाइल ट्रायमिथाइल अमोनियम क्लोराइड. आणि 'ट्रिमोनियम' म्हणजे त्याच ट्रायमिथाइल अमोनियमचं आखूड रूप! मला वाटलं, जे द्राक्षाला चालत नाही ते पोरीच्या डोक्यावर?

गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला वहीच्या कागदावर चित्र काढून दाखवलं. मध्ये नायट्रोजन, त्याला चार हात. तीन हातांत मिथाइल. हे झालं डोकं, ते या कुळात सगळ्यांचं सारखं. चौथ्या हातात काय आहे ते पाहायचं. तिथे दोन कार्बन आणि क्लोरीनचा छोटासा तुकडा असेल, तर ते वेलीत शिरून वाढीचं संजीवक तयार होऊ देत नाही; ते सीसीसी. क्लोरीन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लावली, तर होतं कोलीन, जे अंड्याच्या बलकात असतं आणि शरीराला लागतं. आणि चौथ्या हातात बावीस कार्बनची लांबच लांब शेपटी असेल, तर ते तुझं बेहेनट्रिमोनियम. डोकं तेच, शेपटी बदलली की काम बदललं. एका आडनावाची माणसं गावोगाव असतात, म्हणून ती सगळी एका घरची होत नाहीत.

'बेहेन' हा शब्दही परका समजू नकोस. तो आला शेवग्याच्या बियांच्या तेलावरून. त्या तेलाला बेन तेल म्हणत. बेहेनिक आम्ल शेंगदाण्याच्या तेलातही थोडं असतं, म्हणजे रोजच्या फोडणीत. कारखान्यात ते बहुतेक मोहरीच्या जातीच्या तेलापासून काढतात. केसावर ते करतं काय, तर धुतलेल्या, झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि या डोक्यावर धन. डोकं केसाला चिकटतं, तेलकट शेपट्या बाहेर राहतात, आणि केसावर केस घासला तरी अडकत नाही. कंगवा फिरतो तो यामुळे. सेट्रिमोनियम त्याचाच सोळा कार्बनचा भाऊ. जखम धुवायच्या औषधातलं सेट्रिमाइड याच घरचं. शुद्ध स्वरूपात ही रसायनं डोळ्याला आणि कातडीला झोंबतात, हे खरं. म्हणून पाण्यात थोडीच घालतात आणि धुऊन टाकायची असतात. डोळ्यात जाऊ द्यायची नाहीत.

आता अल्कोहोल. नाशिकची मुलगी तू, वाईन तुला माहीतच आहे, म्हणून हा शब्द वाचून दचकलीस. सेटिल, स्टिअरिल, सेटेरिल, बेहेनिल, ही अल्कोहोलं म्हणजे मेणाचे पांढरे खडे. ती उडून जात नाहीत, केसावर थर धरतात, कंडिशनरला दाटपणा देतात. फ्रान्समधल्या शेव्हरलनं 1817 मध्ये सेटिल अल्कोहोल देवमाशाच्या मेणातून वेगळं केलं होतं. आज ते बहुधा पाम तेलापासून येतं. कुरळ्या केसांना ही हवीच. ज्याच्यापासून सांभाळायचं ते 'अल्कोहोल डिनॅट' किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेसुद्धा यादीत वर असेल तरच. ते स्पिरिटसारखं उडतं आणि केस कोरडे करतं.

सल्फेटचं तर तुला मी सांगायलाच नको. मोरचूद सल्फेट, ठिबकमधून सोडतो ते पोटॅशचं खत सल्फेट, शाम्पूचा फेस काढणारं सोडियम लॉरिल सल्फेटही सल्फेट. तिन्हींची कामं वेगळी. तुझ्या बाटलीवर क्लोराइडसोबत मेथोसल्फेटही आहे, म्हणजे त्याच बेहेनट्रिमोनियमचा दुसरा जोडीदार, क्लोराइडच्या जागी बसलेला. फेस काढणं, तेल ओरबाडणं हे त्याचं कामच नाही.

एवढं कळलं की जागा बघायला शीक. आपल्याकडच्या नियमानं एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे, एक टक्का आणि त्याहून कमी असलेले नंतर कसेही. यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोध. ते बाटली नासू नये म्हणून घालतात आणि युरोपच्या नियमात त्याला एक टक्क्याची मर्यादा आहे. त्यामुळे त्याच्या नंतर जे जे लिहिलंय ते फार तर टक्काभर समज. तुझी जास्वंद, तुझी कोरफड, तुझं आर्गन तेल कुठे आहे बघ बरं? नंतरच आहे ना? फुलाच्या चित्राचे पैसे देऊ नकोस.

पण काही घटक कणभर असले तरी महत्त्वाचे असतात, हेही वहीनंच शिकवलं. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, दहा पीपीएम म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम, आणि तेवढ्यानं घड लांबतो. तसंच मिथाइलआयसोथायाझोलिनोन. यानं अनेकांना खाज, चट्टे उठले, म्हणून 2017 मध्ये युरोपनं ते अंगावर तसंच ठेवायच्या प्रसाधनांतून काढलं. धुवायच्या वस्तूंत 15 पीपीएमची मर्यादा आहे. तुझी कातडी लहानपणापासून हळवी. हे नाव दिसलं तर बाटली परत ठेव. डीएमडीएम हायडँटॉइन दिसलं तरी तेच कर. ते हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतं.

डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन ही सिलिकॉनं. विषारी नाहीत, चकचकीत करतात. काही थर साचवतात, मग केस जड वाटतात. तसं वाटलं की एकदा शाम्पूनं स्वच्छ धू, झालं.

डायसोडियम ईडीटीए नावाला घाबरतेस, पण तुमच्या पाथर्डी फाट्याकडच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं ना? आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. गंगापूर धरणाच्या पाण्यानं केस मऊ राहतात आणि बोअरच्या पाण्यानं चरचरीत होतात ते उगाच नाही. ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं. बोअरच्या पाण्याच्या दिवशी शेवटच्या तांब्याभर पाण्यात लिंबाचा अर्धा चमचा रस घालून केसांवरून सोड, टाळूवर नको.

सासूबाई शिकेकाई, रिठा, संत्र्याची साल, गव्हला कचोरा उकळायच्या आणि नंतर जास्वंदीच्या पानांचा चिकट रस लावायच्या. मला ते आजही आवडतं. पण रिठ्यातलं सॅपोनिनही फेसच आणतं आणि डोळ्यात गेलं तर आगच करतं. झाडाचं म्हणून सौम्य, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मला भीती वाटते ती गोड नावांची. काळी मेंदी म्हण. मेंदीनं केस कधी काळे होत नाहीत, तांबूस होतात. पुडीत काळेपणा येतो तो बहुधा पीपीडी नावाच्या रंगाच्या रसायनामुळे. माझ्या धाकट्या जावेनं लग्नाच्या आदल्या रात्री ती लावली आणि सकाळी डोळे उघडेनात एवढा चेहरा सुजला. दुसरं ते पार्लरमधलं केराटिन. कॉलेजात बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यातला वायू म्हणजे फॉर्मल्डिहाइड. केस सरळ करायच्या कित्येक औषधांवर तापलेली इस्त्री फिरवली की तो वाफेतून निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच तो माणसाला कर्करोग करणाऱ्यांत धरला. तुझी मैत्रीण हजारो रुपये देऊन ते करून आली आणि तू सेटेरिल अल्कोहोलला घाबरून रडत बसलीस. तिला माझ्याकडे घेऊन ये.

आता लावायचं कसं ते ऐक. नवीन बाटली आणलीस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लाव, दोन दिवस थांब. काही उठलं नाही तरच डोक्याला. मुळांना चोळायचं नाही, कानाच्या पातळीपासून खाली लावायचं, ओल्या केसांत बोटांनी गुंता सोडवायचा, मोठ्या दातांची फणी टोकाकडून वर न्यायची. तीन मिनिटं पुरतात. टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. माझं जुनं नऊवारी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, त्याचा तुकडा फाडून घे आणि त्यात केस नुसते दाबून ठेव.