मारहाण, दुखापत आणि जबर दुखापत : मुलांना कायदा समजावून सांगू या



ऑगस्ट 2021. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातलं वणी (खुर्द) गाव. भानामती करतात या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं गेलं. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसंही होती. मारणारे आणि पाहणारे, दोघेही गावचेच. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना हा पाठ शिकवायलाच हवा.

दुखापत म्हणजे काय?
कोणाला शारीरिक वेदना, आजार किंवा दुबळेपणा आणणं म्हणजे दुखापत. रक्त निघालंच पाहिजे असं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 115 नुसार मुद्दाम दुखापत केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जबर दुखापत कोणती?
हाड किंवा दात मोडणं, डोळा वा कान कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, जिवावर बेतणं, ही कलम 116 मधली काही उदाहरणं. पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती जबर दुखापतच. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. कुऱ्हाड, विळा, विस्तव असं काही वापरलं तर कलम 118 लागतं आणि शिक्षा आणखी वाढते.

म्हणूनच मार लागल्यावर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेणं फार गरजेचं. कोणतं कलम लागेल, हे बरंचसं डॉक्टरांच्या त्या कागदावर ठरतं.

"पण ते करणी करत होते!"
संशय हा बचाव होऊ शकत नाही. उलट, महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं हाच वेगळा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद. पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

वर्गात विचारा
1. दात पडला, तर कोणती दुखापत?
2. सगळ्या गावाने मिळून मारलं, तर गुन्हा कोणाचा?
3. चौकात गर्दी जमली आणि तुम्ही तिथे आहात. पहिलं काय कराल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं पाठ असू द्या : 112 ला फोन. सात जणांना सोडवायला तेवढा एक फोन वेळेवर गेला, तरी पुष्कळ झालं.