कढत पाण्यातील रहिवासी
(रविवारच्या शाळेतील मोठ्या वर्गासाठी पाठ)



निपाणीहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून कोकणात गेलेल्या पुष्कळांनी राजापूरजवळ उन्हाळे येथील गरम पाण्याचे झरे पाहिले असतील. संगमेश्वर तालुक्यातील तुरळ येथे तर पाण्यात हात ठेववत नाही. अशा पाण्यात कोण जगणार, असे आपण सहज म्हणून जातो.

अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात याहूनही कढत झरे आहेत. थॉमस ब्रॉक व त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली तेथून एक सूक्ष्म जंतू मिळविला. १९६९ साली त्याला 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' हे नाव दिले. सुमारे ७० अंश सेल्सिअस उष्णतेत तो उत्तम वाढतो. एवढ्या उष्णतेत अंड्याचा बलक घट्ट होतो! आपल्या शरीरातील प्रथिनेही अशीच बिघडतील. पण या जंतूच्या प्रथिनांची घडी मुळातच पक्की असते.

कढतच नव्हे, खारट पाण्यातही असे रहिवासी आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारट व सोड्यासारखे आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगामुळे असे झाले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले.

या जीवांचा आपल्याला काय उपयोग? कॅरी मुलिस यांनी १९८३ साली डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती शोधली. तीत मिश्रण वारंवार सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. प्रती काढणारे साधे विकर दर खेपेस निकामी होई व पुन्हा घालावे लागे. थर्मसचे विकर मात्र ती उष्णता सोसून टिकले. या युक्तीबद्दल मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या साथीत आपल्या नाकाघशातील नमुन्याची जी आरटी-पीसीआर तपासणी झाली, तिच्या मुळाशी हीच युक्ती होती.

ब्रॉक झऱ्यापाशी गेले, तेव्हा औषध किंवा तपासणी शोधीत नव्हते. तेथे कोण राहतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. 'येथे काही नाही' म्हणून ते परतले असते, तर? आपल्याला जे सोसत नाही, ते कोणालाच सोसणार नाही, हे आपले माप आहे; सृष्टीचे नव्हे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. उष्णतेने अंडे घट्ट का होते?
२. लोणारचे पाणी गुलाबी का झाले?
३. न पाहताच 'येथे काही नाही' असे आपण कोठे कोठे म्हणतो?